लिंबाचा ढग

३ मार्च

प्रिय वहिनी,

फोनवर तुझं अर्धं बोलणं वाऱ्यात जातं आणि उरलेलं अर्धं दादा मध्येच तोंड घालून खातो. म्हणून आजपासून पत्र.

दुकान कसं चाललंय विचारलंस. अगं, चालत नाही, धावतंय! तू दादाबरोबर खाणीच्या वसाहतीत राहायला गेलीस तेव्हा मला वाटलं, निम्मं गिऱ्हाईक तुझ्या मागोमाग तिकडे येणार. पहिला महिना तसाच गेला. लोक यायचे, काचेतून डबे बघायचे आणि विचारायचे, "त्या नाहीत का आज?" मी म्हणायचे, "त्या नाहीत, पण आईस्क्रीम तेच आहे." तरी तोंड वाकडं करूनच खायचे.

मग मी एक नवीन प्रकार काढला. नाव ठेवलंय, लिंबाचा ढग. पांढराशुभ्र. चमचा लावला की फुस्स करून बसतो, जिभेवर ठेवला की आहे म्हणेपर्यंत नाही. कसा करते ते विचारू नकोस, गुपित आहे माझं. पण चार वाजले की रांग लागते, पार सूतगिरणीच्या भिंतीपर्यंत.

पहिला कप अर्थातच शिंपीकाकांचा. आपलं शटर वर गेलं की त्यांच्या मशीनची टकटक थांबते आणि गळ्यात मोजपट्टी तशीच अडकवून स्वारी हजर. काल म्हणाले, "पोरी, हे खाल्लं की दात नसल्याचं दुःख होत नाही बघ."

आपल्या मदतनीस काकू तेवढ्या फुगून बसल्यात. अंडी फोडता फोडता काहीतरी पुटपुटत असतात. वय झालं की माणसाला नवीन काही रुचत नाही, दुसरं काय! शेगडी आता दिवसातून एकदाच पेटते, त्यामुळे घाम मात्र कमी.

दादाला सांग, वजन कमी कर.

तुझी चिऊ


११ मार्च

चिऊ,

पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुझ्या दादाला मोठ्यानं. वजनाचं वाक्य आलं तेव्हा त्याला अचानक पाणी प्यावंसं वाटलं.

इथल्या कँटीनमध्ये मी आता बऱ्यापैकी रुळलेय. तीन पाळ्यांत मिळून पावणेतीनशे माणसं जेवतात. मुख्य आचारी पहिले आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एकदा मी त्याच्या सुऱ्यांना धार लावून ठेवली, तेव्हापासून मला 'बाई' म्हणतो.

तुझा ढग ऐकून तोंडाला पाणी सुटलं, पण एक गोष्ट खटकली. काकू अंडी फोडतात म्हणतेस आणि शेगडी एकदाच पेटते म्हणतेस. म्हणजे ढगात अंड्याचा पांढरा बलक आहे का? असला तर तापवतेस ना? रागावू नकोस. अंडं बाहेरून कितीही स्वच्छ असलं तरी जंतू कवचाच्या आतही असू शकतो. फ्रीझरमध्ये तो मरत नाही, नुसता झोपतो, आणि माणसाच्या पोटात ऊब मिळाली की उठतो. लिंबाच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. मिश्रण पंचाहत्तर अंशांच्या वर न्यायचं, वहीत आकडा लिहायचा, मगच गार करायचं. आपण दोघींनी हाच नियम घालून दुकान उघडलं होतं. आणि शिंपीकाकांना अर्धाच कप देत जा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, साखरेचा आजार घेऊन हा माणूस रोज सकाळी आईस्क्रीम खातो!

तू सगळं नीट करतच असशील. पण विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुझ्या डोक्यात मी अजून बाराचीच आहे. वेण्या घाल, दूध पी, अंडं तापव!

हो गं बाई, तापवते. वहीही भरते. झालं समाधान?

आता खरी बातमी ऐक. सूतगिरणीतले जुने सुपरवायझर निवृत्त होतायत, त्यांच्या जेवणाला एकशेवीस कप ढग सांगितलाय. दोन एप्रिलला. एकशेवीस! इतकी मोठी मागणी तुझ्या वेळीसुद्धा आली नव्हती, हे मी अगदी सहज, जाता जाता सांगतेय.

चिऊ


९ एप्रिल

वहिनी,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

गिरणीतल्या जेवणानंतर माणसं आजारी पडली. त्याच संध्याकाळी चार-पाच आणि दुसऱ्या दिवशी चाळीसच्या वर. उलट्या, जुलाब, ताप. आरोग्य खात्याच्या बाई दोन माणसं घेऊन आल्या, उरलेले कप नेले, यंत्राच्या कानाकोपऱ्यातून कापूस फिरवून नेला. दुकान बंद आहे.

काय झालं ते मला आता कळलंय. काकूंच्या बोटाला जखम होती. कापलेलं बोट नुसत्या चिंधीनं गुंडाळून त्या काम करत होत्या आणि मला बोलल्या नाहीत. सगळं त्यातूनच गेलं. इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं आणि त्यांनी असं करावं!

परवाना तुझ्या नावावर असल्यामुळे खात्याला तुझा कागद हवाय. एवढंच लिही की दुकानात अंड्याचं मिश्रण कायम तापवलं जातं, ही पद्धत तूच घालून दिली आहेस आणि झालेला प्रकार कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. सही करून लगेच पाठव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

शिंपीकाकांचंही पोट बिघडलं होतं. दवाखान्यात आहेत. बरे होतील.

चिऊ


१४ एप्रिल

माझी चिऊ,

कागद आजच रजिस्टरनं खात्याकडे गेला. तू सांगितलंस तसाच लिहिलाय. तुझ्या प्रत्येक शब्दाची हमी मी घेते, असंही खाली जोडलंय.

काकूंचं वाचून वाईट वाटलं आणि संतापही आला. कापलेल्या बोटानं मिश्रणाला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांना सांगितलं होतं. माणूस ओळखायला मी चुकले.

तू जेवतेस ना? घाबरू नकोस. खरं वागलेल्या माणसाला कुणी काही करत नाही.

शिंपीकाकांना माझा निरोप दे. म्हणावं, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या गणवेशाची शिवण उसवलेली दिसली तरी लगेच सुईदोरा मागू नका, आधी बरे व्हा. ते काय म्हणाले ते मला जसंच्या तसं कळव.

वहिनी


२३ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझा कागद पोचला. तो वाचल्यापासून खात्याच्या बाईंचा सूर जरा मऊ झालाय. कपांमध्ये साल्मोनेला का कायसा जंतू निघाला म्हणे. काकूंना मी कामावरून कमी केलं. दुसरा इलाजच नव्हता.

शिंपीकाकांना तुझा निरोप सांगितला. खूप हसले. म्हणाले, "तिला सांग, शिवण नाही, बाईंची बटणं चुकीची लागलीत, आणि ते बघून मला झोप येत नाही." अशक्तपणा आहे अजून, पण जीभ तशीच आहे.

पंधरा दिवसांत दुकान उघडू देतील असं वाटतंय.

चिऊ


१ मे

वहिनीबाई,

मी काकू. आईस्क्रीमच्या दुकानातली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमचा पत्ता पाठ आहे, कारण चिऊताईची पत्रं पेटीत मीच टाकत होते. नऊ तारखेचंही मीच टाकलं. त्यात माझं नाव आहे हे मला काय माहीत? खात्याच्या बाईंनी तुमचा कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं.

बाई, माझं बोट कापलं पाच एप्रिलला. खात्याचे लोक येऊन गेल्यावर चिऊताई म्हणाली, यंत्र खसाखसा घासून ठेवा. ते घासताना पातं लागलं. गिरणीचं जेवण दोन तारखेला झालं. तेव्हा माझी दहाही बोटं धड होती. पाच तारखेलाच औषधाच्या दुकानातून पट्टी आणली, त्यांच्याकडे नोंद आहे.

ढग तापवत नव्हती ती. एक दिवससुद्धा नाही. अंड्याचा पांढरा कच्चाच फेसायचा, त्यात साखर आणि लिंबू, की गेला फ्रीझरमध्ये. मी एकदा म्हटलं, ताई, हे कच्चं आहे. तर म्हणाली, काकू, तुम्ही अंडी फोडा. मग मी अंडी फोडली. माझाही दोष आहे. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं, बोलले नाही.

तापमानाची वही तिनं तीन तारखेला दुपारी बसून भरली. एका बैठकीत, एकाच पेनानं, सगळ्या मागच्या तारखा. मी समोर लादी पुसत होते.

मला काम परत नको. पण मी आता कुठल्या स्वयंपाकघरात काम मागायला गेले की म्हणतात, ती विष घालणारी काकू ना? माझं एवढं नाव तेवढं धुऊन द्या.

आणि शिंपीकाकांना भेटायला तुम्ही येऊ शकला नाहीत याचं मला फार वाईट वाटलं. ते गेले त्याला आता तेवीस दिवस झाले. आठ तारखेला सकाळी गेले. तुम्हाला एका दिवसाची का होईना सुट्टी मिळायला हवी होती. त्यांच्या बायको, आपल्या आजी, एकट्या पडल्या.

काकू


८ मे

चिऊ,

शिंपीकाका आता कसे आहेत? फक्त एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वहिनी


१५ मे

प्रिय वहिनी,

इतकं छोटं पत्र! कँटीनमध्ये काम वाढलंय वाटतं.

शिंपीकाका बरे आहेत. काठी घेऊन चालायला लागलेत. हवापालट म्हणून परवाच त्यांच्या मुलीकडे गेले, आता महिना-दोन महिने तिकडेच राहतील. जाताना म्हणाले, वहिनीला सांग, मी परत येईपर्यंत तुम्ही दोघींनी भांडू नका.

चिऊ


२५ मे

चिऊ,

मी येऊन गेले. मंगळवारी सकाळच्या बसनं उतरले, गुरुवारी परत निघाले. दोन दिवस काकूंकडे राहिले. लाँड्रीच्या मागे त्यांची ती एक खोली आहे, एक खिडकी, खिडकीबाहेर दिवसभर वाफ. आपल्याकडे सहा वर्षं काम केलं त्यांनी, आणि त्या कुठे राहतात हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

काकूंचं पत्र मला मेच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. शिंपीकाका गेले हे मला त्यातून कळलं. त्या बाईंना वाटत होतं, मला माहीत आहे आणि मी आले नाही. पत्र हातात घेऊन मी कँटीनच्या मागच्या पायरीवर बसले होते. आचारी येऊन विचारून गेला, "बाई, घरचं कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो." आणि मग माझ्या लक्षात आलं, की ज्या माणसासाठी मी चौदा एप्रिलला गंमत लिहून पाठवत होते, तो तेव्हा सहा दिवसांपूर्वीच गेलेला होता. आणि तू मला त्याचं हसणं लिहून पाठवलंस. त्याच्या तोंडी वाक्य घातलंस. बटणं!

तरी मी तुला एक संधी दिली. आठ मेला एवढंच विचारलं, कसे आहेत. ते पत्र पेटीत टाकताना मी मनाशी म्हणत होते, ती आता सांगेल. रडेल, पण सांगेल. तू त्यांना काठी दिलीस आणि मुलीकडे पाठवून दिलंस.

काकूंनी मला एकच प्रश्न विचारला. चहाचा कप हातात देता देता म्हणाल्या, "सहीच्या आधी मला एक पत्र का नाही टाकलंत हो? नुसतं विचारायला?" जखमेतला जंतू वेगळा आणि अंड्यातला वेगळा, हे मला शिकवलेलं आहे. सही झाल्यावर तूच कळवलंस की साल्मोनेला निघाला. माझ्या डोक्यात निदान तिथे तरी घंटा वाजायला हवी होती. पण पत्रावर तुझं अक्षर होतं, आणि तुझ्या अक्षरापुढे मी माझं शिक्षण गुंडाळून ठेवलं. तुझ्यावर विश्वास ठेवला याचं मला वाईट वाटत नाही. त्या विश्वासाची किंमत मी दुसऱ्या बाईला मोजायला लावली, ते माझं पाप आहे.

बुधवारी आम्ही दोघी आरोग्य खात्यात गेलो. बाईंनी कपाटातून आपल्या दुकानाची वही काढली. एक्केचाळीस दिवसांचे आकडे, शहात्तर, सत्त्याहत्तर, शहात्तर. बाई म्हणाल्या, "खऱ्या स्वयंपाकघरातले आकडे इतके शहाणे नसतात. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. पण तुमची सही आली आणि मी अडले."

मी माझा कागद मागे घेतला. आणि मार्चपासूनची तुझी सगळी पत्रं टेबलावर ठेवली. त्यांनी ती एकेक करून वाचली. तेवीस एप्रिलच्या पत्राशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे शिंपी म्हणजे आठ तारखेला वारले तेच ना?" मी म्हटलं, "तेच."

परवाना माझ्या नावावर आहे, तेव्हा खटला माझ्यावरही चालेल. मी ना म्हटलेलं नाही.

परत निघताना तुझ्या दारावरून गेले. तुझी खिडकी उघडी होती, आत रेडिओ चालू होता. मी थांबले नाही. थांबले असते तर तुला जवळ घेतलं असतं, आणि मग काकूंच्या तोंडाकडे मला कधीच बघता आलं नसतं.

वहिनी


३१ मे

वहिनी,

दुकानाला सील लागलं. दाराला कागद चिकटवला आहे, येणारेजाणारे थांबून वाचतात.

मी तुला पत्रं लिहिली होती. तुला! कुणा साहेबाला नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते यालाच. आई गेल्यावर ज्या बाईच्या कुशीत झोपले, तिनं माझं अक्षर परक्या टेबलावर पसरलं. गावात येऊन कामवालीच्या खोलीत राहिलीस आणि माझ्या दारावरून तशीच निघून गेलीस. दादाला विचार, कुठल्या तोंडानं तुला वहिनी म्हणू?

पत्र लिहू नकोस.


२० जून

वहिनी,

लिहू नकोस म्हटलं आणि तू खरंच लिहिलं नाहीस. वीस दिवस मी रोज पेटी उघडून बघितली.

परवा खात्यात जाऊन सगळं सांगितलं. काकूंचा काही संबंध नव्हता, असं माझ्या हातानं लिहून दिलं आणि त्याची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही. फटीतून कागद घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळालं आहे, हे मला लाँड्रीवाल्याकडून कळलं.

का केलं, ते तुला सांगते. माफीसाठी नाही. पहिल्यांदा मी पांढरा तापवून बघितला होता. त्याच्या दोऱ्या झाल्या, रबर झालं. चवीला बरा होता, पण ढग नव्हता. दुकानाची पाटी तुझी, परवाना तुझा, चव तुझी. लोक तुलाच विचारत यायचे. ढग तेवढा माझा होता, वहिनी. रांग लागली ना, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "ह्या करतात ते द्या." मला वाटलं, लिंबू आहे, फ्रीझर आहे, कुठला डोंबलाचा जंतू जगतोय! तू पत्रात नेमकं तेच नाही म्हणून लिहिलंस आणि मला फक्त राग आला.

शिंपीकाकांनी दोन एप्रिलला सकाळी दोन कप खाल्ले. एक त्यांचा आणि एक मीच आग्रहानं दिला, मोठी मागणी आली म्हणून. माणसं दोन दिवसांत बरी होत गेली, आणि ते मात्र आणखी आणखी बारीक होत गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही, आणि पुढे जंतू रक्तात गेला. आठ तारखेला मी दवाखान्यात होते. तिथून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं, बरे होतील. खरं लिहिलं असतं तर तू आधी इथे आली असतीस आणि मग सही केली असतीस, म्हणजे केलीच नसतीस. त्यानंतर तुझं पत्र आलं, त्यांच्यासाठी गंमत लिहिलेली. एका तरी माणसाच्या डोक्यात ते अजून मशीन चालवत होते. मला ते मोडवेना. हे कारण खरं आहे, पण त्यानं काही हलकं होत नाही, हे मला कळतं.

आज आजींकडे गेले होते. काका गेल्यापासून एक दिवसाआड मी त्यांना डबा नेत होते. लोक म्हणायचे, शेजारची पोर किती करते बघा! आजी काकांनी अर्धवट टाकलेल्या कोटाचे टाके काढत बसल्या होत्या, गिऱ्हाइकाला कापड परत द्यायचं म्हणून. मी समोर बसून सगळं सांगितलं. कच्चं अंडं, वही, काकू, तुला लिहिलेली पत्रं, सगळं. त्या टाके काढतच राहिल्या.

झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी तुझा डबा खाल्ला."

मग उठल्या. मी आणलेला डबा तसाच मोरीत रिकामा केला, घासला, फडक्यानं कोरडा पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "आता आणू नकोस. रागानं म्हणत नाही. घास गिळताना मला भीती वाटेल."

वहिनी, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काय करू ते मला सांग.

चिऊ


२८ जून

चिऊ,

पत्र मिळालं. तुझ्या दादानं वाचलं आणि घडी घातली. मग म्हणाला, "तिला लिही." तो म्हणाला म्हणून नव्हे, मला लिहायचंच होतं.

काय करू विचारतेस. मला माहीत नाही. आधी मला वाटायचं, तू काहीही विचारलंस तरी माझ्याकडे उत्तर असेल. आजींकडे जाऊन तोंडानं सांगितलंस, ते मी सांगितलं म्हणून केलं नाहीस. तसंच पुढचंही तुझं तुला सुचेल. खटल्याची तारीख आली की मी येईन. तुझ्या बाजूला उभी राहीन, कारण आरोपींच्या यादीत आपली नावं एकाखाली एक आहेत. विचारलं तेवढं सगळं सांगेन. तुझ्या विरुद्ध जाणारंही.

तुझी पत्रं मी खात्याला दिली त्याबद्दल तू मला जे म्हणालीस, ते मी पुसून टाकलेलं नाही. तुझ्या जागेवरून ते तसंच दिसणार. तू माझी होतीस म्हणून मी ती दिली, हे तुला आज पटणार नाही. कधी पटेल, की नाहीच पटणार, तेही मला सांगता येत नाही.

ढग तुझा होता म्हणतेस. हे तू मला मार्चमध्ये लिहायला हवं होतंस. मी पाटी बदलली असती गं. त्यासाठी एक माणूस जायची गरज नव्हती.

तारखेला येईन तेव्हा तुझ्याकडेच उतरेन. काकूंना तसं कळवलं आहे. पण एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात आल्यावर तुला लागायला नको. माझं मी रांधून घेईन. आजी म्हणाल्या तेच मलाही होतंय. इथे बसून मी ठरवून बघितलं, की चिऊनं ताट वाढलंय आणि मी घास उचलतेय. हात अर्ध्यावर थांबतो. पुढेमागे तो तोंडापर्यंत जाईल, असं लिहावंसं फार वाटतंय. पण मला खात्री नाही, आणि खात्री नसलेलं काही आता मी तुला लिहिणार नाही.

वहिनी